हिरवा टॅग

चर्चच्या माथ्यावर इथे क्रूस नाही.
बाहेरून गोदाम वाटावं,
दोह्याच्या कडेला, वाळूच्याच रंगाचं.
गेटवर पिशव्या तपासतात. आत अंगणात
मल्याळम, तगालोग, कोकणी,
आणि चपलेतून वर येणारं ऊन.

मला कधी खटकलं नाही.
मी स्कॅफोल्डर. उभा पाइप, आडवा पाइप,
मध्ये कपलर, पान्याचे तीन हिसके.
दिवसाला शंभरेक क्रूस बांधायचो,
एकालाही हात जोडले नाहीत.
शुक्रवारी मात्र दाढी करून रांगेत,
उजव्या तळहातावर डावा.
"ख्रिस्तशरीर."
"आमेन."
जिभेवर कागदासारखं काही विरघळायचं
आणि मी कॅम्पच्या बसची वेळ बघायचो.

मग तो मंगळवार.
सातव्या टप्प्यावर एक फळी बांधायची राहिली.
फोरमनला घाई, मला तहान.
शिडीला मी हिरवा टॅग अडकवला:
तपासले, सुरक्षित. सही, इनास तुस्कानो.

टेकबहादूर त्या सहीवरून वर चढला.

पडताना तो ओरडला नाही.
हेल्मेट मात्र बराच वेळ
जमिनीवर गोल गोल फिरत राहिलं.

चौकशीत फळी सापडली, टॅग सापडला नाही.
माझ्या खिशात होता.

पुढचे अकरा शुक्रवार
मी रांगेत गेलो हात छातीवर आडवे धरून.
ज्यांना घेता येत नाही त्यांची ही खूण.
फादर शाजी कपाळाला अंगठा लावत
आणि पुढच्याकडे वळत.
माझ्यापुढे सिबूची एक नर्स,
मागे मंगळूरचा ड्रायव्हर, सतत खाकरणारा.
कुणी काही विचारलं नाही.
स्वतःच्या हातांचा क्रूस असा किती जड असणार?
खिसा जड होता.

आमच्या नंदाखालला मे महिन्यात
नाक्यावरच्या दगडी क्रूसाला सोनचाफ्याची माळ,
मेणबत्त्या, वाऱ्याशी भांडणाऱ्या.
लितानी संपली की आई परातीतून
उकडलेले चणे वाटायची,
आणि पहिली मूठ द्यायची
ज्यांच्याशी बांधावरून कोर्टात गेलो होतो
त्यांच्या पोराला.
मी फुगायचो. ती म्हणायची,
"क्रूस नाक्यावर आहे, बाबा.
आपल्या ओट्यावर नाही."

बाराव्या आठवड्यात इस्पितळात गेलो.
कंबरेत सळया, उजवा हात प्लास्टरमध्ये,
ताटात डाळ आणि खुबूस.
टॅग मी त्याच्या चादरीवर ठेवला.
सही त्याला वाचता येत होती.
तो खूप वेळ छताकडे बघत राहिला,
एसीचं पाणी बादलीत पडत होतं,
थेंब, थेंब.

मग म्हणाला, "रोटी तोड.
एका हाताने तुटत नाही."

मी तोडली. त्याला भरवली.
चावता चावता, रागातच,
त्याने उरलेला अर्धा माझ्याकडे ढकलला.
"माफ वगैरे काही केलं नाही," म्हणाला.
"खा. गार होतंय."

खुबूस घशाखाली उतरेना.
डाळीत बुडवून उतरवला.

गुरुवारी टॅग सेफ्टी ऑफिसात दिला.
माझा पासपोर्ट आता त्यांच्याकडे आहे,
पुढचं त्यांना ठाऊक.
फादर शाजींना मराठी येत नाही.
मी पापनिवेदन मराठीतच केलं, आईच्या बोलीत,
कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत
मी खोटं बोललो असतो.
त्यांना 'टॅग' तेवढा कळला असेल,
आणि बहुधा माझं थांबणं.

आज रांगेत पाळी येईपर्यंत
हात कुठे ठेवायचे ठरत नव्हतं.
ते आपोआप उघडले,
तळव्यावर अजून पान्याचा घट्टा.

"ख्रिस्तशरीर," फादर म्हणाले.

मला सळया दिसल्या.
एक खांदा, प्लास्टरवर कुणीतरी
नेपाळीत लिहिलेलं नाव.

आमेन म्हणायला वेळ लागला.
मागचा ड्रायव्हर खाकरला.